कौतिकाकाकीचा गळा

आमच्या गावची माणसं मान खाली घालून चालतात. परगावचे पाहुणे म्हणतात, काय नम्र गाव आहे. आम्ही त्यांचा हा समज कधी दूर केला नाही. फुकटची नम्रता पदरात पडत असेल तर नाही कशाला म्हणायचं? कोणी फारच खोदून विचारलं तर मी सांगतो की जन्मभर चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्यांचे मणके पुढे सरळ होत नाहीत. ऐकणारा हळहळतो आणि माझ्या दुकानातून पावशेर गूळ जास्त घेऊन जातो.

खरं कारण मणक्यात नाही. ते माझ्या दुकानाला लागून असलेल्या घरात राहत होतं आणि त्याचं नाव कौतिकाकाकी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्या किराणा दुकानात मीठ-मिरचीला जितकं गिऱ्हाईक नव्हतं तितकं माझ्या थापांना होतं. वाघाची शेपटी मी हातभर वाढवल्याशिवाय सांगत नाही, हे गोंदियापासून नागऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा या मजकुरातलं खरं किती नि फुगवलेलं किती, ते तुमचं तुम्ही पाखडून घ्या. शेवटाकडे मात्र सूप लागणार नाही.

काकी म्हणजे बाई नव्हे, ढोली. धान साठवायची बांबूची ढोली असते ना, शेणामातीनं लिंपलेली, दोघांच्या कवेत न मावणारी, तशी. आणि त्या ढोलीतून निघणारा आवाज तर विचारूच नका. ती अंगणातून नवऱ्याला जेवायला बोलवी तेव्हा शेजारच्या गावातले दोन-चार नवरे उठून हात धूत. छोट्या लाइनीवरच्या गाडीच्या ड्रायव्हरनं एकदा तिचा आवाज ऐकून गाडी थांबवली आणि लाल झेंडी कुठे आहे ते शोधत बसला, हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण इतक्यांदा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच आहे.

तिला या गळ्याचा गर्व होता. लहानसहान नव्हे, मालगुजाराला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, आपल्या तलावाचा असतो तेवढा. माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि म्हणायची, "का गा दुकानदार, अख्ख्या परगण्यात मायासारखा गळा हाये का कोनाचा?"

मी म्हणायचो, "काकी, हाये ना. पण तो भोंगा हाये, राइस मिलचा."

"त्याले कोळसा लागते," काकी म्हणायची. "मले निस्ता पेजेचा घोट."

हा गळा ती दिवसातून दोनदा कामाला लावायची, सकाळी भांडायला आणि संध्याकाळी बदकांना घरी बोलवायला.

बदकांची हकीकत अशी. तिचा नवरा बिसनकाका, हा गावातला सर्वांत गरीब स्वभावाचा माणूस. इतका की त्याचे बैलही त्याला विचारून चालत नसत, तोच त्यांना विचारून थांबे. एका उन्हाळ्यात तो दरेकशाच्या जंगलात ठेकेदाराकडे लाकूडतोडीला गेला होता. तिथल्या छोट्या स्टेशनावरच्या बंगाली बाबूची बदली झाली. बाबूनं सामान बांधलं, बायको-मुलं गाडीत बसवली आणि बदकांची एक जोडी काही त्याच्याच्यानं नेववेना. ती त्यानं बिसनकाकाच्या हवाली केली आणि त्यांना बोलवायची आरोळीही शिकवली, "आव्, चोय चोय चोय." टोपलीत बदकं आणि तोंडात ती आरोळी घेऊन बिसनकाका घरी आला. बदकं अंगणात सोडली. आरोळी त्याच्या तोंडून निघाली ती त्याच्याच कानापर्यंत पोचली. काकीनं ती एकदा म्हणून पाहिली, आणि बदकंच काय, अंगणातली बकरीसुद्धा तिच्या पायाशी येऊन उभी राहिली. तेव्हापासून बदकं काकीची.

आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरी बदक म्हणजे कमीपणा. तिच्या थोरल्या जावेनं तर तिच्या घरचं पाणी टाकलं. मधल्या बोळात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शेतकऱ्याच्या घरी बैल शोभते. बदक हे काय पोसाची चीज हाय?"

काकी आतून म्हणाली, "तुया बैल अंडे देते का वो बाई?"

जाऊ बोळातून गेली ती पुन्हा त्या बोळानं आली नाही.

पण पोसणं सोपं नव्हतं. आमच्या भागात बदकावर डोळा नसलेला एकच प्राणी आहे, तो म्हणजे बदक. जमिनीवर कोल्हा, मुंगूस आणि रानमांजर. झाडावर उदमांजर. आभाळात घार. पाण्यात टोपल्याएवढी कासवं, पोहणाऱ्या पिल्लाचा पाय खालून धरून ओढणारी. घोरपड तर अंड्यांसाठी भिंतीच्या पोटातून येते. पहिल्याच पावसाळ्यात काकीची निम्मी पिल्लं गेली. त्या दिवशी ती माझ्याकडून किराणा न घेता रॉकेलचे रिकामे डबे तेवढे उचलून घेऊन गेली.

आमची घरं मालगुजाराच्या मोठ्या तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून. काकीनं घरामागच्या उथळ पाण्यात सागाचे चार खांब रोवले आणि त्यावर बदकांसाठी मचाणघर बांधलं. खांबांना रॉकेलच्या डब्यांचा पत्रा गुंडाळला, नखं घसरावीत म्हणून. पत्र्याच्या वर बोराटीचे काटे. फटीत बोट जाणार नाही असे बांबू. काठावरून आत जायला एक फळी, ती बदकं आत गेली की वर ओढून घ्यायची. आत धानाचं तणस, दर चार दिवसांनी बदललेलं. बिसनकाकाच्या स्वतःच्या घराला दोन वर्षं गवत चढलं नव्हतं. त्यानं एकदा हळूच विचारलं, "माया खाटेवर पानी पडून रायलं. ते काटे-पत्रे झाले असन तर..."

"तुमच्यावर कोल्हा येते का?" काकीनं विचारलं.

बिसनकाकानं विचार केला आणि खाट सरकवली.

पिल्लं कोंबडीच्या पोटाखाली उबवायची, कारण बदकीण बैठकीची कच्ची. मग पिल्लं पाण्यात शिरली की ती कोंबडी काठावर ऊर बडवून घ्यायची आणि काकी तिला समजावत बसायची, "तुले नाही पोहता येत, त्याइले येते. तू कायले रडून रायली?" पंख फुटेपर्यंत पिल्लं दिवसाही डालग्याखाली. घारीसाठी अंगणावर अंबाडीच्या दोऱ्यांचं जाळं आणि त्याला चिंध्या बांधलेल्या. लांबून वाटायचं, या घरी बारमाही लग्न आहे.

आणि संध्याकाळी, ऊन पाण्यावरून उठायच्या आत, काकी पाळीवर उभी राहायची आणि आरोळी द्यायची. तलावाच्या पार त्या टोकाच्या लव्हाळ्यातून बदकं निघायची ती बाणासारखी. एकेक फळीवरून आत शिरताना काकी प्रत्येकीच्या डोक्याला हात लावायची. मोजायची नाही, नुसता हात लावायची. शेवटचं डोकं गेलं की फळी वर. माझ्या पाहण्यात त्या मचाणातून एकही बदक गेलं नाही. एक कोल्हा पाळीवर बसून वाट पाहता पाहता म्हातारा झाला आणि शेवटी त्यानं शाकाहार धरला. हे मी फुगवतोय, पण हातभरच.

दुखापतीच्या बाबतीत ती वैद्यही होती आणि अर्धी वेडीही. मुंगसानं मान फाडलेलं बदक मांडीवर घेऊन बसायची, जखमेत हळद आणि टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल, त्यावर मऊ कापड. किडे पडले तर सीताफळाचा पाला वाटून. मोडलेल्या पायाला बांबूच्या कामट्या. कामट्या बांधायला चिंधी लागायची आणि घरात कापड होतंच किती? एका लग्नसराईत बिसनकाका बोडक्यानं वरातीत आला. त्याच्या पागोट्याचा हात-हात लांबीचा तुकडा पाच बदकं पायाला बांधून तलावावर फिरत होती. लोक हसायला लागले तेव्हा तो म्हणाला, "डोकं काही मोडलं नोतं मायं."

एकदा आमच्याकडचा एक गडी मनगट मुरगळून तिच्याकडे गेला, म्हणाला, "काकी, तू बदकाचं हाड बसवते, मायंही बसव."

काकीनं त्याला खालीवर पाहिलं. "कसा आला?"

"चालत आलो."

"मंग चालत जाय भंडाऱ्याच्या दवाखान्यात. ह्या बिचाऱ्याले चालता नाही येत." आणि ती पुन्हा मांडीवरच्या बदकाकडे वळली.

आता रानबदकांचं. दिवाळी उलटली की तलावावर बाहेरची बदकं उतरतात. कुठून येतात देव जाणे. मी गिऱ्हाइकांना लंकेपासून विलायतेपर्यंत काहीही सांगत असे. ती भारी सावध. तलावाच्या मधोमध बसायची, बंदुकीचा छर्रा काठावरून तिथपर्यंत पोचत नाही हे त्यांना बंदूकवाल्यांपेक्षा जास्त कळायचं. तरी एखादी जखमी होऊन लव्हाळ्यात दडायची. काकी कमरेएवढ्या पाण्यात शिरून ती शोधून आणायची, बाभळीच्या काट्यानं मांसातून छर्रे काढायची आणि आपल्या बदकांत ठेवायची. त्यातली एक मादी होती. मांडीचं हाड तुटलेलं. काकीनं ते बसवलं खरं, पण पाय वाकडा जुळला. तिचं नाव लंगडी. लंगडी उन्हाळ्याच्या तोंडाला उडून गेली आणि पुढच्या हिवाळ्यात परत आली. एकटी नाही, मागे गणगोत घेऊन. संध्याकाळी काकीनं आरोळी दिली की घरच्या बदकांमागून लंगडी यायची, लंगडीमागून तिची माणसं. मचाणात शिरायची नाहीत, पण काकीच्या पायाशी येऊन टाकलेला कोंडा खायची. आणखी एक हिवाळा गेला आणि निम्मा तलाव तिच्या आरोळीचा झाला.

मी तिला म्हणालो, "काकी, तू मालगुजाराची रयत फोडली."

ती इतकी खूश झाली की त्या दिवशी तिनं मला उधारीवरून शिव्या दिल्या नाहीत. "दुकानदार," ती म्हणाली, "ज्यानं एक डाव मायी आरोळी ऐकली ना, त्याले मंग भेव नाही. त्याले मालूम हाये, इथं आलो का वाचलो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मालगुजारानं एका बड्या साहेबाला शिकारीला बोलावलं. साहेबाचं नाव घेत नाही. त्याला पक्षी मिळाले की मालगुजाराचं कसलंसं अडलेलं काम निघणार होतं, एवढं गावाला माहीत होतं. तंबू लागले. मालगुजाराचा माणूस डोमा घरोघर सांगत फिरला. काकीला म्हणाला, "काकी, बदकं कोंडून ठेवजो. गोळी काही तुयं-मायं पाहत नाही."

काकीनं कोंडली. पहिल्या दिवशी साहेबानं पुष्कळ बार काढले. रानबदकं मधोमध बसून राहिली, उठली तर उंच उठली, फिरून पुन्हा मधोमध बसली. साहेबाच्या पदरात एक पाणकोंबडी पडली, तीही म्हातारी. मालगुजाराचा चेहरा शिळ्या भाकरीसारखा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेच. बंदुका गप्प झाल्या. डोमा काकीच्या दारावरून जाताना म्हणाला, "झालं काकी, साहेब जेवाले बसले. आता निघतेत."

मचाणात बदकं आदल्या संध्याकाळपासून ओरडत होती. पाण्यावर राहून पाण्याला पारखी झालेली. काकीनं फळी टाकली. बदकं गेली ती थेट तलावाच्या मध्यावर, लंगडीच्या गोतावळ्यात.

साहेब जेवून उठला, पण निघाला नाही. शेवटचा एक प्रयत्न म्हणून तो आणि त्याचे सोबती काकीच्या घराजवळच्याच झुडपांमागे पाळीला टेकून बसले. आम्ही सगळे मागे उभे होतो. आख्खं गाव. दुकान बंद करून मीही. बैठक तिकडे आहे हे काकीला माहीत नव्हतं. ती घरात होती.

पहिला बार निघाला आणि आख्खा तलाव आभाळात गेला. काकी बाहेर धावत आली. तिला मधोमध आपली बदकं दिसली, घाबरून गोल गोल फिरणारी. ती पाळीवर चढली, लुगडं खोचून पाण्यात गुडघाभर शिरली आणि तिनं आरोळी दिली. आयुष्यात दिली नव्हती अशी.

"आव्, चोय चोय चोय."

घरची बदकं वळली. हे ठीक होतं. पण वर, बंदुकीच्या आवाक्याबाहेर, उंच फिरणारा तो थवा, त्यातल्या पुढच्या काहींनी पंख मुडपले आणि ती खाली वळली. त्यांच्यामागून बाकीची. मी खोटं बोलणारा माणूस आहे, पण जे दिसलं ते असं दिसलं की आभाळाला उतार आला आणि सगळी बदकं त्या उतारावरून काकीच्या डोक्याकडे घसरत आली. सरळ झुडपांवरून. हातानं धरावी इतकी खाली.

बंदुका सुरू झाल्या.

बदकं पडायला लागली तशी काकी आणखी मोठ्यानं बोलवायला लागली. पाठीमागे काय आहे हे तिनं वळून पाहिलंच नाही. तिला एवढंच कळत होतं की पाखरं मरताहेत, आणि मरणाऱ्या पाखराला वाचवायचा तिच्याकडे एकच उपाय होता, तो म्हणजे जवळ बोलावणं. बार जितका जोरात, तितकी आरोळी जोरात. आणि आरोळी जितकी जोरात, तितकी पाखरं येत राहिली. बार ऐकून फाकलेली परत फिरून आली.

आणि आम्ही? आम्ही पाळीवर होतो. कोणी टाळ्या वाजवल्या. कोणी पाण्यात उड्या टाकून पडलेली पाखरं गोळा करायला लागले. कोणीतरी ओरडलं, "वा रे काकी, आनखी एक डाव." हसण्याचा मोठा लोट उठला. आमच्या गावात एवढं मोठ्यानं कोणी हसलं होतं ते शेवटचं.

बिसनकाका कुठून आला कोण जाणे. बैलाला न दुखावणारा तो माणूस धोतरासकट पाण्यात शिरला, काकीच्या मागे गेला आणि त्यानं आपला हात तिच्या तोंडावर दाबला. काकी त्याच्या दुप्पट. तिनं झटापट केली. त्याच्या बोटांतून आरोळी थोडा वेळ येतच राहिली. मग त्यानं तिला धरून वळवलं, आणि तिनं झुडपं पाहिली, बंदुका पाहिल्या, आणि आम्हाला पाहिलं.

तिची बदकं पायाशी आली होती. ती त्यांना घेऊन गेली, एकेकीच्या डोक्याला हात लावला, आणि फळी वर ओढली.

साहेब फार खूश झाला. मालगुजार तर काकीच्या दारापर्यंत चालत आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "काकी, तू आमची इज्जत राखली. साहेब पुढच्या सालीही येणार. गळा सांभाळून ठेवजो."

शिकारीत रान उठवणाऱ्याला वाटा द्यायची आमच्याकडे रीत आहे. ती मालगुजारानं पाळली. संध्याकाळी डोमा पळसाच्या पानांवर पाखरं मांडून घेऊन आला आणि काकीच्या उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, "घे, तुया वाटा." काकी खाली बसली. एकेकीचा पाय हातात घेऊन तिनं पाहिला. लंगडी त्यांत नव्हती. मग तिनं पाखरांची पिसं ओल्या फडक्यानं पुसली, रक्ताचे डाग जाईपर्यंत, आणि परसात खड्डा करून ती पुरली.

त्या संध्याकाळी गावात घरोघर एकच वास होता. आमच्याही. वास चांगला होता, हेच सांगायला जड जातं.

पुढचे कितीतरी दिवस ती लव्हाळ्यात फिरून जखमी पाखरं आणत होती. डालगी भरली, मचाण भरलं, बिसनकाकाचं उरलंसुरलं धोतरही चिंध्यांत गेलं. काही वाचली, काही गेली. पण आता तिथून आवाज येत नसे. कोंबडीला समजावणंही नाही. बोळातली भांडणंही नाहीत.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला डोमा निरोप घेऊन आला. काकीनं गळ्याकडे बोट दाखवलं आणि वाऱ्यानं पान हलावं तसं कुजबुजली, "गळा बसला."

मालगुजारानं वैद्य पाठवला. वैद्यानं घशात पाहिलं, काही दिसलं नाही तेव्हा ज्येष्ठमध सांगितलं. काकी माझ्या दुकानात येऊन, चार माणसांसमोर, ज्येष्ठमध घेऊन जायची. घरी नेऊन कुटून बदकांच्या कोंड्यात मिसळायची. आमच्या तलावातली बदकं त्या काळात फार गोड ओरडत, असं मी एकदा म्हणालो. कोणी हसलं नाही.

साहेब आला. लंगडीही आली होती, तिचं उरलेलं गणगोत घेऊन. मधोमध बसली. साहेब रिकाम्या हातांनी परत गेला आणि पुन्हा आला नाही. मला वाटलं, सुटलो, आता काकीचा गळा उघडेल. तो उघडला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. घरात, बोळात, विहिरीवर, ती कुजबुजतच राहिली. शेवटी मी बिसनकाकाला ओट्यावर बसवून विचारलं, "काका, आता कोनाचं भेव हाये? खरंच बसला का गळा?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "गळ्याले काही नाही झालं," तो म्हणाला. "झोपेत बोलते तवा घर हालते."

"मंग?"

"ते म्हनते, पाखराइले इसरू दे. आरोळी दिली का ते येतेत. कोन कुठं बसला हाये बंदूक घेऊन, आपल्याले का मालूम? एकडाव इसरले का मंग मी बोलली का, नाही बोलली का, सारखंच." मग तो म्हणाला, "अन् गावात बोलली तर गाव मालगुजाराले सांगन, गळा बरा झाला म्हनून. नाही का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण त्यानं विचारलं होतं ते सरळ मनानं, उत्तर ठाऊक असल्यासारखं. मी त्याला तंबाखू दिली.

आणि या गप्प बसण्याची किंमत कोण देत होतं? तिचीच बदकं. आरोळी नाही, तर घरी यायची वेळ त्यांना कोण सांगणार? अंधार पडेपर्यंत ती लव्हाळ्यात रेंगाळायची. काकी हातात बांबू घेऊन पाण्यात शिरून त्यांना हाकलत आणायची, एका टोकाची आणली तर दुसऱ्या टोकाची राहायची. राहिली ती सकाळी नसायची. ज्या कोल्ह्याला मी शाकाहारी करून टाकला होता, त्याच्या नातवंडांनी पाळीवर पिसांचे ढीग घातले. पत्रा गुंडाळलेले खांब, बोराटीचे काटे, फळी, सगळं जागच्या जागी होतं. आत शिरणारी डोकी कमी कमी होत गेली. हात लावायचं काम लवकर संपायला लागलं.

आम्ही कोणी जाऊन तिला म्हणालो नाही की काकी, मार आरोळी, पाळीवर आम्ही उभे राहतो, बघू कोण बंदूक आणतो. तसं म्हणायला तोंड लागतं, आणि आमच्या प्रत्येकाच्या तोंडाला त्या संध्याकाळची चव लागलेली होती. मग आम्ही मान खाली घालून तिच्या दारावरून जायला लागलो. आधी फक्त तिच्या दारावरून. पुढे सवयच झाली.

तिला मी शेवटचं नीट पाहिलं ते स्वराज्य यायच्या आधीच्या हिवाळ्यात. बिसनकाका वारला होता. डोमा आंधळा होऊन घरी बसला होता. मालगुजाराची बंदूक गंजत होती. मी धानाच्या बांधीवरून पाळीनं घरी येत होतो, हातात काठी, सूर्य पाण्याला टेकलेला. काकी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. ढोली रिकामी झाली होती, नुसता बांबूचा सांगाडा. तलावाच्या मधोमध तिची उरलेली बदकं, आणि त्यांच्यात एक रानबदक. एवढ्या लांबून पाय दिसत नाही. पोहताना एका अंगाला कलत होतं, एवढं दिसलं. लंगडीच असेल असं मी म्हणत नाही. इतकी वर्षं रानबदक जगतं की नाही मला ठाऊक नाही.

काकीनं मान वर केली. ओठ उघडले. आव्, चोय चोय चोय. ओठ स्पष्ट हलत होते, आवाज नव्हता. पुन्हा एकदा. पुन्हा.

इथं मला सांगता आलं असतं की बदकांना ते ऐकू आलं आणि ती वळली. माझ्या तोंडी ते शोभलंही असतं. ती वळली नाहीत.

माझ्या पायाखाली काहीतरी मोडलं. काकी दचकून वळली. तिनं मला ओळखलं. पण तिची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती, माझ्या हाताकडे होती. संधिप्रकाशात काठी कशासारखी दिसते हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. मी काठी टाकली. दोन्ही पंजे उघडून तिच्याकडे धरले, रिकामे आहेत हे दिसावं म्हणून, आणि तसाच उभा राहिलो.

तिनं बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं. मग ओठ मिटले, त्यावर पदर ओढून घेतला आणि बांबू उचलून ती बदकांच्या दिशेनं पाण्यात चालू लागली.